ऑप्टिमस प्राइम कस्टममध्ये का अडकतो? परदेशी ट्रान्सफॉर्मर खेळणी, आयएसआय मार्क आणि एका महागड्या छंदाची गोष्ट

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की महाराष्ट्रात आधी आठवते ती गल्लीच्या कोपऱ्यावरची महावितरणची डीपी. पण इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर एक वेगळीच जमात आहे, जिच्यासाठी ट्रान्सफॉर्मर म्हणजे ट्रकचा रोबो आणि रोबोचा ट्रक होणारं खेळणं. ही मंडळी तिशी-चाळिशीतली आहेत, नोकरदार आहेत, अनेकांना मुलंबाळं आहेत. आणि त्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न सतत फिरत असतो: 'पार्सल सुटलं का?'

जपान, चीन किंवा सिंगापूरहून मागवलेला रोबो भारतात पोहोचतो, ट्रॅकिंगवर कस्टम असा शब्द दिसतो आणि मग आठवडेच्या आठवडे तो शब्द बदलत नाही. काही पार्सलं ड्युटी भरून घरी येतात. काहींसाठी बीआयएसचं प्रमाणपत्र मागितलं जातं, जे घरी बसून एक खेळणं मागवणाऱ्या माणसाकडे असणं शक्यच नाही. मग ते पार्सल आलं तसं परत जातं.

लहान मुलांसाठी केलेला नियम चाळिशीतल्या माणसाच्या कपाटापर्यंत कसा पोहोचला, हे समजून घ्यायचं तर २०१९-२० मध्ये जावं लागतं.

२०२० मध्ये नेमकं काय बदललं?

तोपर्यंत भारतातल्या खेळण्यांच्या बाजारावर चिनी मालाचं राज्य होतं. स्वस्त, चकचकीत आणि बऱ्याचदा कसल्याही तपासणीशिवाय आलेला माल. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या बाजारातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने उचलले आणि तपासले. त्यातले साधारण ६७ टक्के नमुने नापास झाले. प्लॅस्टिकमधली घातक रसायनं, जड धातू, सुटे होणारे बारीक तुकडे, अशी ती कारणं होती.

त्यानंतर सरकारने दोन बाजूंनी नाड्या आवळल्या.

पहिली बाजू कराची. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झाली. २०२३ मध्ये ती ७० टक्क्यांवर गेली.

दुसरी बाजू दर्जाची. २५ फेब्रुवारी २०२० ला खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. अर्थ सरळ होता. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर आयएसआय मार्क हवाच, मग ते पुण्यात बनलेलं असो की शेनझेनमध्ये. मार्क नसलेलं खेळणं बनवणं, आयात करणं, विकणं किंवा विक्रीसाठी साठवणं, सगळंच बेकायदा. बीआयएस कायदा २०१६ नुसार पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये देशभरात विमानतळांवरची आणि मॉलमधली दुकानं तपासून बीआयएसने १८ हजारांहून जास्त खेळणी जप्त केली, तेव्हा हा आदेश कागदावरचा नाही हे सगळ्यांनाच कळलं.

याच्या जोडीला आणखी एक दार त्याआधीच बंद झालं होतं. पूर्वी परदेशातून येणाऱ्या ५ हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूवर ड्युटी लागत नसे. परदेशी शॉपिंग ॲप्सनी त्याचा इतका फायदा घेतला की भारतात दररोज हजारो अनोळखी 'मित्र' भेटवस्तू पाठवायला लागले. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्ट किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची ड्युटीशिवाय होणारी आयातच बंद केली. सूट राहिली ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. त्यातही अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही. म्हणजे जपानमधल्या बहिणीने राखीबरोबर रोबो पाठवला तर राखी भावाला मिळेल, रोबोवर ड्युटी लागेल.

मग ५ हजारांचा रोबो कितीला पडतो?

खेळण्याची किंमत आणि पाठवणावळ मिळून ५,००० रुपये धरू. ७० टक्के मूळ ड्युटी म्हणजे ३,५००. त्या ड्युटीवर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार, म्हणजे ३५०. झाले ८,८५०. आता या सगळ्या रकमेवर जीएसटी. इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्या दराने साधारण ४४० रुपये. एकूण जवळपास ९,३०० रुपये. कुरिअर कंपनीचा कागदपत्रांचा खर्च वेगळा.

इथे एक मेख आहे. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूंना कस्टमच्या दरपत्रकात ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे आणि त्याचा दर वेगळा असतो. त्यामुळे पार्सल 'खेळणी' म्हणून ९५०३ खाली मोजलं गेलं की 'वैयक्तिक वापर' म्हणून, यावर बिल बदलतं. एकच कंपनी, एकच रोबो, दोन ग्राहक आणि दोन वेगळी बिलं, अशा तक्रारी संग्राहकांमध्ये नेहमी दिसतात त्या यामुळेच.

पैसे भरून प्रश्न सुटला असता तर या छंदातल्या लोकांनी फार कुरकुर केली नसती. पैसे घालवायला ते सरावलेले आहेत. २०१९ मध्ये हॅसब्रोने युनिक्रॉन नावाचा, ग्रहाचा रोबो होणारा दोन फुटांहून उंच पुतळा ५७५ डॉलरला काढला आणि ८ हजार लोकांनी आगाऊ पैसे भरले तरच बनवू असं सांगितलं. तेव्हाच्या दराने हे ४० हजार रुपये होतात. मुदत वाढवावी लागली, पण आकडा गाठला गेला. खरी अडचण मार्कची आहे, कारण ती पैसे देऊनही सुटत नाही.

आयएसआय मार्क परदेशी कंपन्या का घेत नाहीत?

घेतात, पण मोजक्याच. परदेशी कारखान्याला मार्क हवा असेल तर बीआयएसकडे अर्ज करावा लागतो, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, बीआयएसचे अधिकारी कारखाना तपासायला जातात त्यांचा प्रवासखर्च उचलावा लागतो आणि १० हजार डॉलरची बँक गॅरंटी द्यावी लागते. परवाना ब्रँडला नव्हे, कारखान्याला मिळतो. वर्षाला लाखो बाहुल्या पाठवणाऱ्या कंपनीला हे परवडतं. पण जपानच्या तकारा टोमीला एखाद्या मास्टरपीस रोबोचे भारतात काहीशे नग विकायचे असतील, तर हा उपद्व्याप ती कशाला करेल? त्यामुळे हा माल अधिकृत दुकानात येतच नाही. जे येतं ते पार्सलनेच.

आणि इथेच व्याख्येचा घोळ सुरू होतो. आदेशानुसार खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं या हेतूने बनवलेली वस्तू, मग ती फक्त मुलांसाठीच नसली तरी. तकारा टोमी आपल्या मास्टरपीस मालिकेच्या खोक्यावर वय १५ आणि पुढे असं छापते. कागदावर पाहिलं तर हा रोबो या आदेशात बसायला नको. पण कस्टमच्या दरपत्रकात ९५०३ या शीर्षकाखाली खेळण्यांबरोबर छोट्या आकाराची मॉडेलंही येतात. अधिकाऱ्यापुढे खोकं उघडलं की आत ट्रक असतो, ट्रकचा रोबो होतो, आणि खोक्यावरचा मजकूर जपानीत असतो. त्याने याला खेळणं म्हटलं तर त्याला दोष देणं अवघड आहे. दोष आहे तो 'मोठ्यांसाठीच्या संग्राह्य वस्तू' नावाचा स्वच्छ रकाना न ठेवणाऱ्या नियमाचा. युरोपीय संघाच्या खेळणी सुरक्षा निर्देशात असा रकाना आहे. १४ वर्षांवरच्या संग्राहकांसाठी असं स्पष्ट लिहिलेली विशिष्ट उत्पादनं तिथे खेळणी मानली जात नाहीत.

खेळण्याच्या व्याख्येवरून झालेला सर्वांत गमतीदार वाद मात्र अमेरिकेतला आहे. तिथे बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के ड्युटी होती, आणि बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. टॉय बिझ कंपनीने कोर्टात सांगितलं की आमचे एक्स-मेन ही माणसं नाहीतच, ते म्युटंट आहेत. २००३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. ज्या पात्रांनी कॉमिकभर 'आम्हालाही माणूस समजा' म्हणून लढा दिला, त्यांना त्यांच्याच कंपनीने ड्युटी वाचवण्यासाठी अमानुष ठरवलं. रोबोंच्या नशिबी निदान हा अपमान नाही.

नियम चुकीचा आहे का?

संग्राहकांच्या चर्चेत नियमाला सरसकट वेडगळ म्हटलं जातं. ते खरं नाही, आणि याचा पुरावा ट्रान्सफॉर्मर्सच्याच इतिहासात आहे.

ही खेळणी मुळात ट्रान्सफॉर्मर्स म्हणून जन्मालाच आली नव्हती. तकारा या जपानी कंपनीच्या दोन वेगळ्या मालिका होत्या. १९८० मध्ये सुरू झालेल्या डायक्लोनमध्ये गाड्यांचे रोबो व्हायचे आणि ते चालवायला आत छोटे चालक बसायचे. मायक्रो चेंजमध्ये घरातल्या वस्तूंचे रोबो व्हायचे, जसं की कॅसेट प्लेअर, कॅमेरा, पिस्तूल. अमेरिकेच्या हॅसब्रोला हे दिसलं, त्यांनी दोन्ही मालिकांतून माल उचलला, चालक काढून टाकले आणि मार्व्हल कॉमिक्सकडून गोष्ट लिहून घेतली की हे रोबो यंत्रं नसून परग्रहावरचे जिवंत प्राणी आहेत. १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेत आले. पुढच्या वर्षी तकाराने तेच नाव, तीच गोष्ट जपानमध्ये परत नेली. डायक्लोनमधला बॅटल कॉन्व्हॉय अमेरिका फिरून ऑप्टिमस प्राइम झाला होता.

पण अमेरिकेत विकलेली खेळणी जपानसारखी हुबेहूब नव्हती. जपानी रोबोंमधून स्प्रिंगने क्षेपणास्त्रं उडायची. हॅसब्रोने त्या स्प्रिंग इतक्या ढिल्या केल्या की क्षेपणास्त्र जेमतेम बाहेर पडायचं. कारण काही वर्षांपूर्वीच, १९७८ च्या अखेरीस, दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानातून उडालेलं इवलंसं क्षेपणास्त्र घशात अडकून अमेरिकेत एका लहान मुलाचा जीव गेला होता. त्यानंतर अमेरिकेतल्या खेळणी उद्योगाने उडणाऱ्या भागांचा धसकाच घेतला. आज संग्राहक ज्याला 'मूळ जपानी आवृत्ती' म्हणून जास्त पैसे मोजतात, तिच्यात आणि अमेरिकन आवृत्तीत असलेल्या फरकांपैकी एक फरक असा एका मृत्यूतून आला आहे.

मेगाट्रॉनचंही तेच. पहिला मेगाट्रॉन वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचा व्हायचा, अगदी खऱ्यासारखा दिसणारा. पुढे अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण सक्तीची झाली आणि दुकानात येणारा मेगाट्रॉन बहुतेक वेळा रणगाडा झाला. विमानतळाच्या स्कॅनरमध्ये तो जुना मेगाट्रॉन कसा दिसेल, याची कल्पना केली तरी पुरे.

म्हणजे सुरक्षेचा नियम खेळण्याला नेहमीच घडवत आला आहे. भारतातली तक्रार नियम असण्याबद्दल असू नये. तक्रार ही आहे की नियमाची जाळी ज्या मालासाठी विणली त्यातला बराचसा अजूनही सुटतो. आयएसआय मार्क नसलेले, कंपनीचं नाव नसलेले, स्पर्श केला तरी रंग बोटाला लागेल असे नकली 'ट्रान्सफॉर्मर' जत्रेत, फुटपाथवर आणि ऑनलाइन आजही दिसतात. ते थेट पाच वर्षांच्या मुलाच्या हातात जातात, आणि त्याच्या तोंडातही. पत्ता, बिल आणि खरी किंमत लिहून आलेलं पार्सल मात्र हमखास सापडतं, कारण ते लपलेलं नसतं.

सरकारच्या बाजूचे आकडेही पाहायला हवेत. वाणिज्य मंत्रालयाच्या माहितीनुसार २०१४-१५ मध्ये भारताने सुमारे ३३ कोटी डॉलरची खेळणी आयात केली होती, २०२२-२३ मध्ये ती १६ कोटींच्या खाली आली. याच काळात निर्यात साडेनऊ कोटी डॉलरवरून साडेबत्तीस कोटींवर गेली. हॅसब्रोच्या मालाचा काही भाग आता भारतातही बनतो. धोरणाचा हेतू कारखाने आणि रोजगार हा असेल, तर काही हजार संग्राहकांची गैरसोय ही मंत्रालयाच्या दृष्टीने गणतीत न येणारी किंमत आहे. ती चाळिशीतल्या ग्राहकाला मोजायची नाही, असं मात्र फार काळ चालणार नाही. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या सर्कानाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत पहिल्यांदाच १८ वर्षांवरच्या ग्राहकांनी खेळणी खरेदीत शाळेआधीच्या वयोगटाला मागे टाकलं.

रिव्ह्यू करणारे काय पाहतात?

दुकानात जाऊन हाताळायची सोय नाही, परत पाठवायची सोय त्याहून नाही. त्यामुळे भारतातल्या संग्राहकासाठी रिव्ह्यू म्हणजे टाइमपास नव्हे, ती खरेदीपूर्वीची एकमेव तपासणी आहे.

चांगला रिव्ह्यूअर आधी सांधे बघतो. ढिला गुडघा म्हणजे कपाटात रोबो कधीही तोंडावर पडणार. आत दातेरी चाक असलेला सांधा कट-कट आवाज करत थांबतो आणि वजन पेलतो, साधा सांधा काही महिन्यांत सैल होऊ शकतो. मग रूपांतर. पायऱ्या किती हा मुद्दा दुय्यम. प्रत्येक फळी आपल्या खाचेत बसते की नाही, गाडीच्या छताला फट राहते का, रोबो झाल्यावर पाठीवर अर्धी गाडी दप्तरासारखी लटकते का, हे महत्त्वाचं. पातळ पत्र्यासारखं प्लॅस्टिक वाकवताना पांढरी रेघ उमटली की समजायचं, दहाव्या वेळेला ते तुटणार.

जुना माल घेणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे. १९८० च्या उत्तरार्धात आणि नव्वदीत काही खेळण्यांत सोनेरी झाक असलेलं प्लॅस्टिक वापरलं गेलं. त्यातली चमक आणणारी भुकटी प्लॅस्टिकला आतून कमकुवत करते. खोक्यातून न काढलेलं, दिसायला कोरं करकरीत खेळणं पहिल्यांदा हलवताच बिस्किटासारखं तुटू शकतं. अशा वस्तूवर ड्युटी भरून ती मागवणं म्हणजे विकतचं दुखणं.

२०२२ मध्ये हॅसब्रोने पर्यावरणासाठी खोक्यांवरच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या काढून टाकल्या. हेतू चांगला होता, पण आत काय आहे ते दिसेनासं झालं. पुढच्याच वर्षी कंपनीने खिडक्या परत आणायचं जाहीर केलं. बंद खोकं असो की खिडकीचं, कस्टममध्ये उघडून पुन्हा चिकटवलेलं पार्सल घरी आलं की अनुभवी माणूस आधी मोबाइलचा कॅमेरा चालू करतो आणि मगच कटर लावतो. विक्रेत्याकडे भरपाई मागायची तर तेवढाच पुरावा असतो.

मग लोक मागवतात तरी कसे?

सर्वांत जुना मार्ग अजूनही सर्वांत भरवशाचा मानला जातो, तो म्हणजे परदेशातून येणारी मावशी. प्रवाशाच्या सामानाला बॅगेज नियम लागू होतात. २०१६ च्या नियमांनी बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीयाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू ड्युटीशिवाय आणायची मुभा दिली होती. फक्त मावशीच्या बॅगेत त्या खोक्याला जागा हवी, आणि एवढा मोठा माणूस रोबो का मागवतो याचं उत्तर द्यायची तयारी.

दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच जणांनी मिळून एकत्र ऑर्डर देणं. पाठवणावळ वाटली जाते, पण एकाच नावावर पाच सारखे रोबो आले की ते 'वैयक्तिक वापर' राहत नाही, व्यापार वाटू लागतो. त्यातले चार मित्रांना विकले तर कायद्याच्या भाषेत तो माणूस मार्क नसलेली खेळणी आयात करून विकणारा ठरू शकतो. दोन लाखांचा दंड इथे लागू होतो, हे ग्रुपमध्ये पैसे गोळा करणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

या व्यवहाराची एक उलटी बाजूही आहे. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी सुरू केली. तिच्या गोव्याच्या कारखान्यात हॅसब्रोच्याच साच्यांतून जी. आय. जो चे सैनिक बनायचे. रंग मात्र स्थानिक मर्जीचे असायचे, अमेरिकेतल्या मूळ सैनिकाशी न जुळणारे. नव्वदीत भारतातल्या पोरांनी ते मातीत लोळवले, हातपाय तोडले, हरवले. आज परदेशातले संग्राहक नेमके तेच विचित्र रंगांचे गोव्याचे सैनिक शोधत असतात आणि भारतातून मागवतात.